नेढ्याकडचा तुकडा

सगळा बाजार त्याला तडक्या म्हणायचा. खरं नाव होतं की त्याला, चांगलं चारचौघांसारखं, पण ते आता फक्त दवाखान्याच्या कागदांवर उरलं होतं. पोस्टमनसुद्धा दारात उभा राहून "तडक्या आहेत का घरात?" असं विचारायचा, आणि बायको आतूनच उत्तर द्यायची, "त्या नावाचं इथं कोणी राहत नाही." तिला ते नाव कधी पचलं नाही. माणसाला हाक मारायची ती काय पाइपला गेलेल्या भेगेवरून, असं ती लग्नाच्या पहिल्या वर्षापासून म्हणत आली आणि तो हसून सोडून देत आला. काय बोलणार? भेग खरी होती, ती त्याच्याच हातून गेली होती, आणि नाव ठेवणारे खुद्द त्याचे बाबा होते.

दुकान पाइपांचं. नवे विकायचे नाहीत, जुने सुधारून द्यायचे. त्यातही नाव होतं ते मीरशॉमच्या पाइपांसाठी. मीरशॉम म्हणजे एक पांढरा दगड. दगड म्हणायचं आपलं. हातात घेतला तर खडूसारखा हलका, नखानं ओरखडा निघेल इतका मऊ. त्या नावाचा अर्थ म्हणे समुद्राचा फेस, म्हणून दुकानात त्याला नुसतं फेस म्हणायचे. फेसाचा पाइप कोरून झाला की त्याला गरम मधमाशीचं मेण पाजायचं. पाजायचं हाच शब्द, कारण तो खरंच पितो. मग ओढणारा वर्षानुवर्षं ओढत राहतो आणि पाइप पिकत जातो, आधी सायीच्या रंगाचा, मग मधाच्या, मग पार तपकिरी. मेण संपलं की पिकणं थांबतं. पाइप कोरडा पडतो, डाग धरतो, आणि मालक तो घेऊन दुकानाची पायरी चढतो.

दुकानात टेबलं दोनच. एक खिडकीचं, जिथं मेणाचं भांडं आणि दुकानाचा शिक्का. दुसरं मागचं, जिथं लेथ, कानशी आणि नळ्या साफ करायच्या तारा. खिडकीशी बसणारा मेण पाजणार आणि शिक्का मारणार. मागे बसणारा तोंडाकडच्या नळ्या घासणार, जळका थर खरवडणार, आणि नाकातोंडात धूळ घेणार. बाबा हयात असताना खिडकीशी बाबा बसायचे, आणि मागे दोघं भाऊ, दादा आणि हा धाकटा, दाटीवाटीनं.

मोडलेला पाइप जोडायचा तर आत सुई घालावी लागते. सुई, वर अंड्याचा पांढरा बलक आणि फेसाची पूड. बाबा अख्खी सुई घालायचे. दादाची तऱ्हा वेगळी. तो सुई मधोमध मोडायचा, टोकाकडचा तुकडा भोकं पाडायला ठेवायचा आणि नेढ्याकडचा तुकडा पाइपात घालायचा. गोंद नेढ्यात शिरून आरपार वाळतो आणि मग पकड सुटत नाही, असं त्याचं म्हणणं. अख्ख्या बाजारात हे दुसरं कोणी करत नव्हतं. बाबा त्याला कंजूष म्हणून चिडवायचे.

सुईचा पाइप मात्र उकळत्या मेणात बुडवायचा नाही. लोखंड तापतं, फुगतं, आणि फेस बिस्किटासारखा मोडतो. अशा पाइपला मेण कुंचल्यानं लावायचं, थोडं थोडं, जीव मुठीत धरून. कोणाची गफलत होऊ नये म्हणून बाबांनी नियमच घातला होता. सुई घातली रे घातली की दांड्याला लाल दोरा बांधायचा, आणि पाइप गिऱ्हाइकाच्या हातात जाईपर्यंत तो सोडायचा नाही. दोऱ्याचं रीळ खिडकीच्या टेबलाच्या खणात असायचं, सगळ्यांच्या हाताशी.

बावीस वर्षांपूर्वी हेडमास्तरांचा पाइप आला तेव्हा त्याला कसलाही दोरा नव्हता.

हेडमास्तर मोठे कडक, पण पाइपवर जीव. पक्ष्याच्या पंजानं धरलेलं अंडं, असा तो कोरलेला होता. अंडं म्हणजे तंबाखूची वाटी, आणि तिच्याभोवती आवळलेली चार बोटं नखांसकट. चौदा वर्षं ओढून ओढून मधाच्या रंगावर आणलेला. दादानं तो एक दिवस साफ केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी तो उचलून धाकट्याच्या हातात दिला. "आज तू पाज," म्हणाले.

याचा अर्थ दुकानातल्या उंदरांनाही कळला असता. बाबांचे गुडघे गेले होते, खिडकीचं टेबल ते सोडणार होते, आणि ते कोणाला द्यायचं याचा विचार महिनाभर चालला होता. धाकटा तेव्हा चोवीस वर्षांचा. त्याचा हात हलका आहे असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. दादाच्या देखत सांगायचे, हे त्यांचं चुकलंच.

त्यानं वाटीला बूच लावलं, पाइप आधी गरम हवेवर शेकला, तारेच्या आकड्यात अडकवला आणि मेणात सोडला. वीस आकडे मोजायचे असतात. तेराव्याला मेणातून आवाज आला, कट्. फार मोठा नाही. पण बाबांनी पेपर खाली ठेवला.

बाहेर काढला तर पंजाच्या दोन बोटांमधून खालपर्यंत उभी भेग. धाकटा खिडकीकडे वळला. तो भेग उजेडात धरून बघणार, तेवढ्यात दारातून दादा धावत आला, त्यानं पाइप हातातून काढून घेतला आणि फडक्यात गुंडाळला. "हात लावू नकोस आता. मी बघतो," म्हणाला. बाबा एवढंच बोलले, "तडकवलास ना."

संध्याकाळी हेडमास्तर आले. धाकटा मागे लेथशी तोंड लपवून उभा होता. दादा पुढे झाला, सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "साहेब, चूक माझी आहे." बाबांनी मान खाली घातली. हेडमास्तर शाळेतले, कोण कोणाला पाठीशी घालतंय हे त्यांना दुरून दिसायचं. त्यांनी मागे लेथकडे एक नजर टाकली, दादाच्या पाठीवर थाप मारली, आणि ओरडायचं सोडून पाइप तसाच घेऊन गेले.

त्या दिवसापासून खिडकी दादाची झाली. बाबा पुढे पाच वर्षं जगले, पण धाकट्याच्या हातात त्यांनी पुन्हा मेण दिलं नाही. पहिल्यांदा रागानं तडक्या म्हणाले, मग सवयीनं, मग लाडानंही. त्यानंही कानाला खडा लावला, मेणाच्या भांड्याकडे फिरकायचं नाही. आणि दादाला, ज्याला तो जन्मभर "अरे दादा, ऐक ना" म्हणत आला होता, त्याला तो "अहो दादा, ऐकता का" म्हणायला लागला. कोणी सांगितलं नव्हतं. ज्या माणसानं आपल्यासाठी भर दुकानात दोष अंगावर घेतला, त्याला अरेतुरे करायला जीभच रेटेना.

यंदा दादाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पंधरा दिवस धूर, धूळ, वाफ सगळं बंद केलं. तडक्या एकटाच दुकान उघडत होता, नळ्या घासत होता, आणि मेणाचं काम आलं की "दादांना येऊ द्या" म्हणून बाजूला ठेवत होता. अशात एका सकाळी हेडमास्तरांची मुलगी आली. तीही आता शाळेत शिकवायची, केस पिकलेले, चष्मा गळ्यात. तिनं पिशवीतून एक करडा लोकरी मोजा काढला, आणि मोज्यातून तो पाइप.

तडक्यानं तो लगेच ओळखला. न ओळखायला काय झालं? झोपेतसुद्धा ओळखला असता.

"बाबा गेले दोन महिन्यांपूर्वी," ती म्हणाली. "हा त्यांनी नंतर कधी ओढला नाही, पण टाकलाही नाही. मला तो त्यांच्या टेबलावर ठेवायचाय, जरा नीट दिसेल असा. तुमचे भाऊ तेव्हा म्हणाले होते, कोणाला उघडू देऊ नका, जोडायच्या भानगडीत पडू नका, भुगा होईल. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. पण म्हटलं, एकदा विचारून बघू."

"बाई, हा माझ्याच हातून..."

"माहीत आहे मला," ती मऊपणानं म्हणाली. "बाबा नेहमी सांगायचे तुम्हा भावांची गोष्ट. वर्गात पोरांनासुद्धा सांगायचे. दोन भाऊ मोठे करताना ही गोष्ट सांगावी, म्हणायचे."

तडक्या कानापर्यंत लाल झाला. शनिवारी या, म्हणाला.

खरं तर थांबायला हरकत नव्हती. आठवड्याभरात दादा येणारच होता. पण तडक्याच्या डोक्यात भलतंच शिरलं. मनाशी म्हणाला, हा पाइप आपण नीट करायचा, दादा यायच्या आत, आणि त्याच्यासमोर ठेवायचा. तोंडानं काही बोलायचं नाही, नुसता ठेवायचा. बावीस वर्षांचे उपकार असे एका पाइपात फेडता आले तर आणखी काय पाहिजे? झालंच तर ते नावही जाईल. त्याला एवढा हुरूप चढला की त्यानं दुकानाची पाटी उलटी केली आणि बाकी कामं सारून दिली.

आधी नळी सोडवली. मग वाटीतला जळका थर बोथट सुरीनं, दगडाला न लागता, हळूहळू खरवडला. मग गरम हवेवर पाइप शेकत जुनं मेण बाहेर काढलं आणि फडक्यानं टिपत गेला. मेण जसं सुटलं तशी भेग उघडी पडायला लागली. भेग नखांच्या रेषेत इतकी बेमालूम बसलेली होती की नवख्याला सापडली नसती. त्यानं दोन्ही अंगठ्यांनी जरासा दाब दिला, आणि पाइपचे दोन भाग हातात आले. एवढे सहज, की तो दचकलाच.

आत पिवळा, काचेसारखा वाळलेला गोंद होता. अंड्याच्या बलकाचा. आणि त्या गोंदात अर्धी सुई.

तडक्यानं दोन्ही भाग फडक्यावर ठेवले. मग त्याला वाटलं, दादानं नंतर जोडायचा प्रयत्न केला असेल, त्या दिवशी, हेडमास्तर यायच्या आधी. बिचाऱ्यानं आपल्यासाठी तेवढीही धडपड केली असेल. बघा, माणसाचं मन कसं असतं! डोळ्यांसमोर पुरावा, आणि हा अजून भावासाठी पळवाट शोधतोय. त्यानं भिंग काढलं. सुईवर मेणाचा पातळ थर होता. मेण भेगेतून आत उतरून सुईवरून, गोंदावरून वाहिलं होतं आणि तिथंच थिजलं होतं. म्हणजे सुई आधी, मेण नंतर. त्यानं चिमट्यानं मेण खरवडलं आणि सुई उचलून खिडकीच्या उजेडात धरली. गंजलेली, बोटाच्या पेराएवढी. एका बाजूला मोडकी. दुसऱ्या बाजूला नेढं, आणि नेढ्यात आरपार वाळलेला गोंद.

आणखी काय सही हवी होती?

तो दुपारी घरी गेला, हात न धुता खुर्चीत बसला, आणि तो तुकडा टेबलावर ठेवला. बायकोनं एकदा सुईकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. त्यानं सगळं सांगितलं, तुटक तुटक, मधेच थांबत. त्याला वाटलं होतं ती भडकेल, तिचं तोंड सुटलं की सुटतं. पण ती भडकली नाही. तिनं गॅस बंद केला आणि समोर येऊन बसली.

"मग तडक्या कोण?" तिनं विचारलं.

त्यानं तुकडा उचलून खिशात टाकला आणि चपला चढवल्या.

दादाचं घर त्याच गल्लीच्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावर. वहिनीनं दार उघडलं, "अगबाई, भाऊजी, दुकान बंद की काय आज?" म्हणाली, आणि त्याचा चेहरा बघून पुढचं बोलणं गिळून आत निघून गेली. दादा खिडकीचे पडदे ओढून आरामखुर्चीत पडला होता, एका डोळ्यावर पट्टी. पायाची चाहूल घेऊन म्हणाला, "तडक्या का रे? ये, बस."

तडक्या बसला नाही. त्यानं दादाचा हात धरला, उघडला, आणि तळहातावर सुईचा तुकडा ठेवला. दादानं तो बघितला नाही. नुसता अंगठा फिरवला, नेढ्याशी आला आणि थांबला. दिसायची गरजच नव्हती.

"कुठं मिळाली?" दादानं विचारलं.

"जिथं तू घातली होतीस तिथं."

बावीस वर्षांत पहिल्यांदा तो दादाला तू म्हणाला, आणि दोघांनाही ते ऐकू आलं.

दादानं खुर्चीतच पाठ सरळ केली. मग बोलायला लागला, तेही असं, की गोष्ट कधीची तोंडपाठ करून ठेवली असावी. पाइप साफ करताना त्याच्या हातून पडला होता. बाबा झोपले होते, धाकटा जेवायला गेला होता. पंजाची दोन बोटं वाटीपासून सुटली. त्यानं घाईघाईनं सुई घातली, जोडलं, वाळवलं. लाल दोरा बांधला असता तर बाबांनी विचारलं असतं, कसली सुई, कोणी पाडला. आधीच महिनाभर बाबा तोलणाऱ्या नजरेनं दोघांकडे बघत होते. म्हणून बांधला नाही. उद्या आपणच गुपचूप कुंचल्यानं मेण लावू, असं त्यानं ठरवलं होतं.

"आणि सकाळी बाबांनी तुझ्या हातात दिला."

"तू कुठं होतास?"

"दारात."

"मी बुडवला तेव्हा?"

"दारात होतो म्हटलं ना," दादा म्हणाला. "हाक मारायला तोंड उघडलं होतं मी. तू तेव्हा मोजत होतास, एक, दोन, तीन. मला वाटलं, अजून वेळ आहे. मग वाटलं, कदाचित नाही तडकणार. मग..."

"मग काय?"

"मग वाटलं, तडकला तर तडकला."

हे तो इतक्या हळू बोलला की तडक्याला वाकून ऐकावं लागलं, आणि ऐकल्यावर वाटलं, नसतं ऐकलं तर बरं. चुकून झालं, भीतीनं झालं, यातलं काहीही तो माफ करायला तयार होता. येताना जिन्यात त्यानं तशी तयारीही केली होती. पण तेरा आकड्यांत तीन वेळा विचार बदलायला सवड होती दादाला.

"बरं, त्या दिवशी नाही सांगितलंस. नंतर? बाबा अंथरुणाला खिळले होते, मी त्यांचे पाय चेपायचो, ते मला तडक्या म्हणायचे. तू तिथंच बसलेला असायचास."

"सांगितलं होतं मी," दादा एकदम उसळला. "पहिल्याच दिवशी सांगितलं. हेडमास्तरांसमोर, बाबांसमोर, चांगलं मोठ्यानं. साहेब, चूक माझी आहे. खोटं बोललो का मी? एक अक्षर तरी खोटं होतं? कोणी ऐकलंच नाही त्याला मी काय करू?"

"कोणी ऐकू नये अशा बेतानंच सांगितलंस तू," तडक्या म्हणाला. "खरं बोलल्याचं समाधान तुला, मोठेपणाही तुला, खिडकीही तुला. आणि मी तुला अहो-जाहो करत फिरतोय."

दादानं तोंड भिंतीकडे वळवलं. डोळ्यातून पाणी काढू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि ते त्यानं काढलं नाही. वहिनी चहा घेऊन दारात आली, दोघांकडे बघितलं आणि तशीच परत गेली. तडक्यानं तळहातावरून सुई उचलली. जाताना दादा म्हणाला, "तो पाइप ठेव. डोळा बरा झाला की मी करून देतो." तडक्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

दुकानात येऊन तो पहिल्यांदा खिडकीच्या टेबलाशी बसला. खुर्ची दादाच्या अंगाची झालेली, त्याला खोल वाटली. दोन दिवस तो त्या पाइपला चिकटून होता. जुना गोंद खरवडून काढला, भेगेच्या दोन्ही कडा बारीक पॉलिश पेपरनं घासल्या, आणि आत लोखंड न घालता हाडाची तासलेली काडी घातली. हाड तापलं तरी फुगत नाही. हे बाबांनीच शिकवलेलं, पण एवढं तासत बसायला वेळ लागतो, म्हणून कोणी करत नसे. बलक आणि पूड कालवून जोडलं, दोऱ्यानं आवळलं, रात्रभर वाळू दिलं.

सकाळी मेण वितळवलं. आता कुंचल्यानं लावायची गरज नव्हती. तरीही हात कुंचल्याकडे गेला, सवय म्हणा, भीती म्हणा. मग त्यानं कुंचला खणात टाकला आणि खण बंद केला. पाइप शेकला, आकड्यात अडकवला आणि मेणात सोडला. एक, दोन, तीन. आठाला त्याच्या पाठीवरून घाम उतरला. तेराला त्यानं श्वास धरला. चौदा, पंधरा. वीसला बाहेर काढला तेव्हा पाइप भिजून चमकत होता, एकही चीर न पडता. मेण गळू दिलं, निवत असताना मऊ फडक्यानं घासत राहिला, आणि तो जुना मधाचा रंग आतून वर आला, कोणी दिवा लावल्यासारखा.

त्याला आनंद झाला का? झाला. कोणी खोटं कशाला सांगेल? हात हलका होता त्याचा, पहिल्यापासून होता. पण त्या आनंदाच्या पाठोपाठ असा राग आला की त्याला पाइप खाली ठेवून दुकानात दोन फेऱ्या माराव्या लागल्या. बावीस वर्षं नळ्या घासल्या होत्या त्यानं. बाबा मरताना त्यांच्या नजरेत धाकटा मुलगा हात बिघडलेला होता. आता मेणातून शंभर पाइप नीट काढले तरी ते बघायला बाबा कुठून येणार?

शनिवारी दादाही आला. पट्टी निघाली होती, काळा चष्मा होता. आल्या आल्या खिडकीच्या खुर्चीकडे वळला, तिथं तडक्या बसलेला दिसला, आणि तो गिऱ्हाइकांच्या स्टुलावर टेकला. थोड्या वेळानं हेडमास्तरांची मुलगी आली. पाइप हातात घेतला आणि तिचे डोळे भरले. भेग कुठं होती ते तिनं चष्मा लावून शोधलं आणि तिला सापडलं नाही.

"दोघांनी मिळून केलंत ना?" ती म्हणाली. मग दादाकडे वळली. "बाबा म्हणायचे, धाकट्याची चूक आपल्या अंगावर घेणारा असा माणूस मी शाळेत तीस वर्षांत पाहिला नाही."

दादानं काळा चष्मा काढला. एक डोळा अजून लाल होता. "बाई," तो म्हणाला, "त्यानं काही केलं नव्हतं. चूक माझी होती. खरंच माझी."

ती हसली. अगदी तिच्या वडिलांसारखी, मायेनं. "बघा, अजूनही तेच म्हणतात," ती तडक्याला म्हणाली. "नशीब काढलंत तुम्ही."

तडक्यानं दादाकडे बघितलं. दादा त्याच्याकडे बघत होता, आणि त्या नजरेत केविलवाणं काहीतरी होतं, की आता तरी तू सांग. तडक्यानं खिशातून सुई काढून काउंटरवर ठेवली.

"ते खरं सांगतायत, बाई. पाइप त्यांच्या हातून मोडला होता. त्यांनी ही सुई आत घातली आणि मला सांगितलं नाही. म्हणून तो माझ्या हातात फुटला."

तिचं हसू हळूहळू मावळलं. तिनं सुईकडे बघितलं, गंजलेला एवढासा तुकडा, तिला त्यात काय दिसणार? मग तडक्याकडे बघितलं, आणि शाळेत दुसऱ्यावर ढकलणाऱ्या पोराकडे बघतात तसं तिच्या डोळ्यांत आलं.

"इतक्या वर्षांनी," ती म्हणाली, "त्यांच्या तोंडावर असं बोलवतं तरी कसं तुम्हाला?" तिनं पाइप मोज्यात घातला, दादाला नमस्कार केला आणि पायऱ्या उतरून गेली.

दादा उठून तिच्यामागे दारापर्यंत गेला. हाक मारणार असं वाटलं. पण तो दारातच उभा राहिला, एक हात चौकटीवर, आणि ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही. तडक्यानं मागून त्याला बघितलं. बावीस वर्षांपूर्वीही तो नेमका असाच उभा असणार, त्याच चौकटीत.

दादा परत आला. पंधरा दिवसांचं मेणाचं काम साठलं होतं, सात-आठ पाइप फडक्यावर ओळीनं मांडलेले. मधल्या काळात गिऱ्हाइकांनी घरी आणून दिलेले आणखी दोन दादाच्या खिशात होते. त्यानं ते काढले, जरा घुटमळला, आणि खिडकीच्या टेबलाशी येऊन धाकट्यापुढे धरले. तडक्या म्हणायला ओठ हलले, पण ते नाव त्यानं घेतलं नाही.

"घे," म्हणाला. "आजपासून तू पाज."

बाबा म्हणाले होते तसंच म्हणाला. धाकट्यानं दोन्ही पाइप घेतले. दोन्ही चांगले होते, साफ केलेले, वाटीला बूच लावून तयार. दांड्याला दोरा नव्हता.

"दादा," त्यानं विचारलं, "यात सुई घातली आहेस का?"

दादाचा चेहरा उतरला. "नाही रे," तो म्हणाला. "नाही घातली. शपथ."

धाकट्यानं मान हलवली, खणातून भिंग काढलं, आणि पहिला पाइप उजेडाकडे धरून तपासायला घेतला.